चेंडू परत देणारे डीकन

लेमुएल प्रेदर यांना आमच्या चर्चमध्ये त्यांची बायको ऑर्लीन सोडून कुणी लेमुएल म्हणत नाही. बाकी सगळ्यांचे ते डीकन, चर्चची कामं बघणारे. वय एक्याऐंशी. उंची सहा फूट दोन इंच होती, त्यातले दोन इंच आता पाठीच्या बाकात गेले. चर्चच्या मागे जुनं व्यायामगृह आहे. त्याची किल्ली त्रेपन्न वर्षं त्यांच्या कमरपट्ट्याला लटकते आहे. इतक्या काळात पाच पास्टर बदलले, किल्लीवाला बदलला नाही.

माझा मुलगा एव्हरेट बास्केटबॉल खेळतो आणि त्यावरच त्याचं पोट चालतं. पेपरात त्याच्याबद्दल कधीमधी छापून येतं तेव्हा विद्यापीठाचं नाव असतं, प्रशिक्षकांची नावं असतात. डीकनचं नसतं. त्यांना म्हटलं तर म्हणतात, "बरंय की. नाव आलं असतं तर छपराच्या दुरुस्तीची वर्गणी पहिल्यांदा माझ्याकडेच मागितली असती." म्हणून त्यांना न विचारता मीच लिहायला बसले आहे.

माझा नवरा गेला तेव्हा एव्हरेट अकरा वर्षांचा होता. मी आमच्या गॅरी गावातल्याच एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. मला पावणेसातला हजर व्हावं लागे आणि एव्हरेटची शाळा साडेआठला भरे. मधल्या वेळात त्याला घरी एकटं ठेवायचं माझ्या जिवावर येई. मी मुळातच घाबरट. वर्गात आम्लाची बाटली मुलांच्या हातात बिनधास्त देईन, पण माझं स्वतःचं मूल जिन्यावरून उतरताना श्वास धरून बसेन. चर्चमध्ये सगळ्या बायका एकमेकींच्या सिस्टर. तिथे मी एका सिस्टरपाशी ही अडचण सांगत होते आणि डीकन मागे खुर्च्या आवरत होते.

"सिस्टर हॉलिन्स, पोरगा पहाटे उठतो का?"

"उठवला तर उठतो."

"मग आणून सोडा. सहाला मी तिथं असतोच. मला झोप येत नाही, आणि मी घरात खुडबुड केलेली ऑर्लीनला खपत नाही."

त्यानंतर सात वर्षं मी रोज सहाला मुलाला त्या दारात सोडलं. आत आधी रुंद झाडू फिरवून जमीन पुसायची, मग चेंडूला हात लावायचा, हा नियम. हीटरला हॉल तापवायला चाळीस मिनिटं लागत, म्हणून हिवाळ्यात दोघंही लोकरी टोप्या घालूनच खेळत. म्हणजे खेळे एव्हरेट. डीकनचा खुबा तेव्हाच दुखायला लागला होता. ते रिंगखाली लोखंडी घडीची खुर्ची टाकून बसत आणि पडलेला चेंडू उचलून परत देत. परत देणं म्हणजे कसंही ढकलणं नव्हे. चेंडू मुलाच्या छातीशी, त्याच्या बोटांखाली नेमकी शिवण येईल असा पोचायचा. एका सकाळी तीनशे वेळा. पूर्वेकडची रिंग बोटभर खाली वाकलेली होती, आजही आहे. ती नीट का करत नाही असं विचारलं की ते म्हणत, "जगात एका तरी रिंगला दयामाया असावी."

आठला घामेजलेल्या मुलाला तळलेल्या बोलोनी सॉसेजचं सँडविच खायला घालून ते आपल्या ट्रकमधून शाळेत सोडत. मी आभार मानायला गेले की हात झटकत. "मला कंपनी होते. उलट तुम्हीच भाडं मागू नका म्हणजे झालं."

ही किल्ली त्यांच्याकडे कशी आली ते मला बऱ्याच उशिरा समजलं. एकोणिसाव्या वर्षी ते मिसिसिपीहून इथे आले आणि पोलादाच्या कारखान्यात, कोळशाचा कोक करायच्या भट्टीवर लागले. आमच्या काळ्या लोकांना तेव्हा तिथेच घेत. नोकरीची ज्येष्ठता त्या-त्या खात्यापुरती असे. भट्टीवर नऊ वर्षं काढलीत तर भट्टीवर तुम्ही जुने. पण दुसऱ्या खात्यात गेलात की ती नऊ वर्षं पुसली जात आणि तुम्ही सगळ्यांत नवे. मंदी आली की नव्यांना पहिल्यांदा घरी पाठवत. त्यामुळे कुणी हलत नसे. लोक भट्टीवरच खोकत म्हातारे होत. एकाहत्तर साली यंत्रदुरुस्तीच्या खात्यात जागा निघाली आणि डीकननी अर्ज टाकला. चार महिन्यांत मंदी आली. हे सगळ्यांत नवे, म्हणून सात महिने घरी. ऑर्लीन इस्पितळाच्या धुलाईघरात राबायची आणि यांना रिकामं बसवेना म्हणून हे चर्चच्या व्यायामगृहाची जमीन पुसायला लागले. तिथे ही किल्ली हातात आली. नंतर कारखान्याने परत बोलावलं, त्यांनी काम शिकून घेतलं आणि पुढे तीस वर्षं अख्ख्या कारखान्यात कुठलंही यंत्र अडलं की "प्रेदरला बोलवा" अशी हाक व्हायची.

हे एव्हरेटला ठाऊक होतं. म्हणून गेल्या जूनमध्ये जेव्हा त्याच्यावर तशीच वेळ आली तेव्हा तो विमानाने थेट घरी आला.

एव्हरेट काही मोठा तारा नाही. समोरच्या संघातल्या ताऱ्याला बास्केट करू न देणं हे त्याचं काम. त्याच्या संघाशी त्याचा पाच वर्षांचा करार होता, आणि त्यात एक कलम होतं. चौथं वर्ष संपल्यावर त्याला वाटलं तर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेआधी लेखी कळवून करार सोडायचा; मग कुठल्याही संघाशी बोलायला तो मोकळा. कळवलं नाही तर पाचवं वर्ष आपोआप चालू, आणि खेळला न खेळला तरी नव्वद लाख डॉलर पक्के. नवा प्रशिक्षक आल्यापासून तो बाकावरच होता. ब्याऐंशी सामन्यांपैकी एकोणीस सामन्यांत त्याचे पाय मैदानाला लागले.

"आई, मी बाकावरून टॉवेल हलवणारा देशातला सगळ्यांत महागडा खेळाडू आहे," न्याहरीला तो म्हणाला.

"हलव की. मी तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, मला पोटऱ्यांच्या शिरांखेरीज काय मिळालं? तुला बसून मिळतंय."

"बसूनच तर गंज चढतोय. आणखी एक वर्ष असं गेलं तर मी खेळतो हे लोक विसरतील."

"आणि सोडलंस, आणि कुणीच बोलावलं नाही तर? तिशी उलटलीय तुझी. तुझ्याच संघातला तो डेल्रॉय, त्यानं असंच सोडलं. आता गाड्या विकतो."

"चांगल्या विकतो. मागच्या महिन्यात पहिला आला."

"एव्हरेट, थट्टा नकोय."

"थट्टा कुठं करतोय? अजून ठरवलं नाहीये मी. आज पाचपर्यंत वेळ आहे." त्याने फोन बंदही न करता स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकला. "हा वाजत राहील. वाजू दे. मी डीकनकडे जातो."

तो गेला. फोन ड्रॉवरमध्ये चमच्यांवर थरथरत राहिला. मी उचलला नाही, कारण तसं बजावलं होतं. दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी माझा स्वतःचा फोन वाजला. सिमोन होती, एव्हरेटची एजंट, न्यूयॉर्कहून.

"मिसेस हॉलिन्स, एव्हरेट कुठंय? नऊ फोन केले मी!"

"चर्चमध्ये आहे. ठरवतोय. पाचपर्यंत कळवेल ना."

"पाचला पंचावन्न मिनिटं राहिलीत!"

"अगं, दोन तास आहेत अजून," असं म्हणता म्हणताच मला चूक कळली. आमचं गाव इंडियानात, पण घड्याळ शिकागोचं, न्यूयॉर्कच्या एक तास मागे. इथे जन्मलेलं मूल बोलायला लागलं की आईबापांच्या पाठोपाठ शिकतं ते वाक्य म्हणजे "कुणाचे पाच?" राज्याची राजधानी न्यूयॉर्कच्या घड्याळावर चालते, म्हणून तिथून लग्नाला येणारे पाहुणे नेमाने तासभर आधी येऊन बसतात आणि आम्ही त्यांना हसतो. आणि माझा मुलगा बारा-तेरा वर्षं बाहेर राहून घरी आला तो थेट घरच्या घड्याळात शिरला. मीही विचारलं नव्हतं.

"न्यूयॉर्कचे पाच," सिमोन म्हणाली. "कागद त्याच्या फोनवर आहे. सोडायचं असेल तर बोटानं सही करायची, बस. पाच वाजून गेले तर मी काहीही करू शकत नाही. करार चालू राहील."

"आपोआप?"

"आपोआप."

डीकन फोन बाळगतात, पण बॅटरी वाचावी म्हणून बंद ठेवतात. चर्चचं कार्यालय दुपारी बंद. मी एव्हरेटचा फोन पर्समध्ये टाकला आणि गाडी काढली. चर्च आमच्या घरापासून बारा मिनिटांवर. मध्ये रेल्वेचं फाटक आहे. ते माझ्या डोळ्यांसमोर पडलं.

पोलादाची भेंडोळी लादलेली मालगाडी चालली होती. चालली होती म्हणजे सरकत होती, आणि मग थांबलीच. आमच्या गावात मालगाडी आडवी आली म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. शाळेत उशिरा आलेलं पोर, लग्नात उशिरा आलेला नवरा, सगळ्यांना ती माफी आहे. मी इंजिन बंद केलं. आणि मग मला हे सुचलं की मी नुसती इथे बसून राहिले तर सगळं माझ्या मनासारखं होईल. एक वर्ष, नव्वद लाख, माझा मुलगा सुरक्षित. मला एक शब्द खोटा बोलावा लागणार नाही. मालगाडी खरंच समोर उभी होती.

पुलाखालचा दुसरा रस्ता मला माहीत होता. मागे वळायचं, दोन मैलांचा वळसा. मी वळले नाही. घड्याळात तीन एकवीस झाले, बावीस, तेवीस.

एव्हरेट सतरा वर्षांचा असतानाची एक गोष्ट तिथे आठवली. एका चांगल्या तंत्रमहाविद्यालयाने त्याला पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली होती, आणि दुसरीकडे एक मोठं विद्यापीठ, जिथे संघात जागा मिळेलच असं कुणी म्हणत नव्हतं. मला तो इंजिनीअर व्हायला हवा होता. मी चोरून डीकनना भेटले. म्हटलं, "तुमचं ऐकेल तो. तुम्ही सांगा."

ते खुर्चीवरून उठलेही नाहीत. म्हणाले, "सिस्टर, मी चेंडू परत देतो. तो कुठून मारायचा हे मी पोराला सहा वर्षांत एकदाही सांगितलं नाही. आज सांगितलं तर त्याचा नेम जाईल, आणि माझी खुर्चीही."

तेव्हा मला राग आला होता. महिनाभर मी त्यांच्याशी तुटक बोलले आणि तरी रोज सहाला मुलाला त्यांच्याच दारात सोडलं, आणि त्यांनी रोज दार उघडलं.

मी गाडी मागे वळवली. मागच्या ट्रकवाल्याने मला जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तीन वाजून अडतीस मिनिटांनी मी व्यायामगृहात शिरले. आत भट्टीसारखं उकडत होतं. एव्हरेट कोपऱ्यातून चेंडू मारत होता आणि डीकन खुर्चीत बसून परत देत होते, आता चेंडू दोन टप्पे खात त्याच्यापर्यंत पोचत होता.

"आई? तू का आलीस?"

"न्यूयॉर्कचे पाच," मी म्हटलं, आणि फोन पुढे केला.

 त्याने डोक्याला हात लावला.

"आणि मी म्हणत होतो अजून शंभर मारून घे," डीकन म्हणाले. "किती राहिली?"

"बावीस मिनिटं."

"भरपूर झाली. माणूस लग्नाला हो म्हणतो ते याहून कमी वेळात."

एव्हरेट जमिनीवर मांडी घालून बसला आणि कागद वाचायला लागला. वाचून झाल्यावर पुन्हा वाचला. मग मान वर न करता विचारलं, "डीकन, भट्टी सोडलीत तेव्हा भीती नव्हती वाटली?"

"भीती? अर्ज टाकला आणि संडासात जाऊन ओकलो."

"आणि पस्तावलात कधी?"

"सात महिने, रोज. आठव्यात कामावर घेतलं, मग आठवण ठेवायला वेळ नाही मिळाला."

"म्हणजे सोडू म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाहीये. मला विचारलंस ते माझं सांगितलं. मी नऊ वर्षं पाण्यात घातली होती, तू नव्वद लाख घालतोयस. तुझ्यापुढं मी किरकोळ माणूस."

एव्हरेटने माझ्याकडे पाहिलं. "आई, तू?"

मला वाटलं होतं मी काहीतरी शहाणं बोलेन. "मला वाटतं राहा," मी म्हटलं. "भीती वाटते मला. तू खेळलास, नाही खेळलास, तू ठीक असलास की मला पुरे. पण हे माझं झालं. तुला काय वाटतं?"

"मला खेळायचंय."

"मग मला विचारून काय उपयोग?"

तो हसला. लहानपणी टोपी घालून हसायचा तसा. मग त्याने बोट फिरवलं. तीन वाजून सत्तेचाळीस. सिमोनचा निरोप लगेच आला: मिळालं.

 डीकन खुर्चीला धरून हळूहळू उठले आणि कोपऱ्यातला झाडू आणून एव्हरेटच्या हातात दिला. "झालास ना बेकार? मग पूस. दुपारपासून नुसती धूळ केलीयस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडला. टीव्हीवर खाली नावांची पट्टी पळत होती. अमुक खेळाडू तमुक संघात. पहिल्या तासात तीस जण गेले. एव्हरेटचा फोन जेवणाच्या टेबलावर पालथा पडला होता. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मी एव्हरेटसमोर हसत होते आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसत होते. डीकन रोज चारला यायचे, ऑर्लीनने भाजलेलं गोड, पीचचा कॉबलर, घेऊन. फोनबद्दल चकार शब्द नाही. एव्हरेटला म्हणायचे, "चल, पाय आखडतील," आणि त्याला घेऊन जायचे. त्या दिवसांत त्यांनी माझ्या मुलाला किती वेळा चेंडू परत दिला असेल! एक्याऐंशी वर्षांच्या खांद्याने. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात इतका सुजला की त्यांनी डाव्या हाताने चमचा धरून कॉबलर खाल्ला आणि विचारलं तर म्हणाले, "डाव्या हातानं गोड जास्त लागतं."

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. उत्तरेकडच्या एका थंड गावातला संघ. दोन वर्षं. दोन्ही वर्षांचे मिळून पैसे, त्याने एका वर्षाचे सोडले होते त्याहून कमी. प्रशिक्षक स्वतः बोलला. एव्हरेट नुसता "हो सर, हो सर" म्हणत होता. फोन ठेवून त्याने आधी मला काहीच सांगितलं नाही, अंगणात जाऊन दोन येरझाऱ्या घातल्या. मग दारातून आत वाकून म्हणाला, "तो म्हणतो, पहिल्या दिवसापासून खेळशील."

त्या संध्याकाळी मी प्रेदरांच्या घरी गेले. दोघंही ओसरीवर बसली होती, मधे वाटाण्याच्या शेंगांची टोपली. आभार मानायचे होते, पण त्याआधी ते दुसरं सांगितल्याशिवाय मला आभार मानता येईनात. मी फाटकाचं सांगितलं. दुसरा रस्ता माहीत असून सहा-सात मिनिटं बसून राहिले ते.

डीकन शेंगा सोलत राहिले. ऑर्लीनचे हात मात्र थांबले.

"सहा मिनिटं?" ती म्हणाली. "मी चार दिवस बसले होते."

"कशावर?" डीकननी विचारलं.

"तुझ्या अर्जावर, लेम. भट्टी सोडायचा अर्ज. तुझ्या सदऱ्याच्या खिशातून मीच काढला होता."

डीकननी हातातली शेंग टोपलीत टाकली. "तो हरवला होता. पाचव्या दिवशी, मुदत संपायच्या दिवशी, माझ्या जेवणाच्या डब्यात सापडला. देवानं ठेवला."

"मी ठेवला. सँडविचखाली."

"ऑर्लीन, मी चर्चमध्ये उभं राहून त्रेपन्न वर्षं साक्ष देतोय की देवानं ठेवला!"

"मग? मी काय भर चर्चमध्ये उठून सांगू, की नाही हो, मी?" ती माझ्याकडे वळली. "भट्टीच्या माथ्यावर इतकी धग, की बुटाखाली लाकडी तळवे बांधावे लागत. चौथ्या रात्री मोजे धुवायला घेतले तर एकाचा तळ जळून कडक झाला होता. लाकूड जाळून, बूट जाळून मोज्यापर्यंत. मी तो हातात धरून बसले. मग उठून डब्यात अर्ज ठेवला."

 रस्त्यावरून कुणी हात केला, डीकननी केला नाही.

"सात महिने घरी होतो," ते म्हणाले, "आणि तू एकदा टोमणा मारला नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरायचो, काय बायको मिळालीय."

"टोमणा कुठल्या तोंडानं मारणार होते?" ऑर्लीन म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

डीकन हसायला लागले. आधी खांदे हलले, मग खुर्ची, मग खोकल्याची उबळ आली आणि मला धावत पाणी आणावं लागलं. पाणी पिऊन त्यांनी डोळे पुसले, टोपलीतल्या शेंगांची एक मूठ माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाले, "आलाच आहात तर सोला, सिस्टर. आणि त्या थंड गावात पोराला चांगला कोट घेऊन द्या."